तोंडपाठ आहे, पण ओळखता येत नाही

प्रश्न : माझी नात पावणेपाच वर्षांची आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर ती माझ्याजवळ असते. मी निवृत्त आहे, वेळ भरपूर, म्हणून तिला अक्षरं शिकवायचं मनावर घेतलं. अ पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं ती न अडखळता म्हणते. पण तक्त्यातल्या मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवलं की गप्प होते. म ला भ म्हणते, घ ला ध. रोज एक अक्षर आणि त्याच्या दहा ओळी असा नेम ठेवला होता. पहिल्या दोन ओळी बऱ्या येतात, पुढे अक्षर बिघडत जातं आणि शेवट रडारडीत होतो. हल्ली मी वही काढली की ती पलंगाखाली जाऊन बसते. काही अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी काढते, रेघ खालून वर ओढते. सून म्हणते, "बाबा, घाई करू नका, टॅबवरच्या खेळांतून शिकेल ती." मला वाटतं, आत्ता वळण लागलं नाही तर पुढे लागणार नाही. आम्ही पाटीवर गिरवून गिरवूनच शिकलो. तिच्यात काही कमी तर नाही ना? की माझंच काही चुकतंय?
– एक आजोबा

उत्तर :

आजोबा, सप्रेम नमस्कार.

पावणेपाचव्या वर्षी अक्षर उलटं निघणं, म आणि भ ची गल्लत होणं, दोन ओळींत हात थकणं हे सगळं वयाला धरूनच आहे. तेव्हा 'काही कमी' हा विचार तूर्त बाजूला ठेवा. चुकतंय म्हणाल तर एकच गोष्ट चुकते आहे. अक्षर ओळखणं आणि अक्षर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुम्ही ती एकाच वहीत, एकाच बैठकीत करून घेताय. डोळ्याची अजून ज्याच्याशी ओळख झालेली नाही, त्याच्या दहा ओळी हाताकडे मागताय. मग डोळाही शिकत नाही आणि हातही वैतागतो.

आधी तोंडपाठाचं बघू. अ ते ज्ञ म्हणता येणं चांगलंच आहे, पण ती पाठांतराची कमाई आहे. अक्षर ओळखण्याशी तिचा संबंध फार थोडा. तुम्हीच करून पाहा: 'ध' च्या आधीचं अक्षर कोणतं, चटकन सांगा. तुम्हालाही बहुधा मनातल्या मनात त, थ, द असं म्हणत यावं लागलं असेल. तिचंही तेच होतं. फक्त तिला अ पासून निघावं लागतं आणि तोवर तुमचा धीर सुटतो.

शिवाय आपल्या वर्णमालेचा क्रम लावलाय उच्चाराच्या जागेवरून. कंठातून निघणारी क, ख, ग, घ आधी. ओठांवरची प, फ, ब, भ, म पाच वर्गांत शेवटी. व्याकरणाच्या नजरेनं बघाल तर मांडणी फार देखणी आहे. पण लहान मुलाला तिचा काही उपयोग नाही. ङ हे पाचवंच व्यंजन, आणि ते लिहावं लागेल असा शब्द तिच्या बोलण्यात शोधून सापडायचा नाही. ('वाङ्मय' तिला इतक्यात लागेलसं वाटत नाही.) उलट ज्याच्यावाचून मराठीचं पान हलत नाही तो ळ पार तळाशी.

पाटीवर गिरवल्याचं तुम्ही लिहिलंय म्हणून आठवण करून देते. जुने गुरुजी पाटीवर 'ग म भ न' घालून द्यायचे. हा क्रम वर्णमालेत कुठेच नाही. तो हाताच्या सोयीचा आहे. चौघांनाही उजवीकडे काना, डावीकडची वळणं एकमेकांशी नातं सांगणारी. एक जमलं की पुढचं सोपं जातं. तसेच र, स, ख. व, ब, क. ट, ठ, ढ. प, ष, फ असे गट लागतात. लिहायला शिकवताना हे गट उत्तमच आहेत. पण ओळखायला शिकवताना तेच गट घात करतात, कारण म आणि भ शेजारी बसवले की मुलाला त्यांच्यातलं साम्य आधी दिसतं आणि फरक नंतर, किंवा दिसतच नाही. म्हणून माझा सल्ला असा: लिहिताना सारख्या आकाराची अक्षरं जवळ जवळ घ्या, ओळखताना लांब लांब. तुमच्या घरात आता अक्षरांच्या दोन याद्या हव्यात आणि त्या जुळल्या नाहीत तरी बिघडत नाही.

ओळखण्याची यादी कुठून सुरू करायची? तिच्या स्वतःच्या नावातल्या पहिल्या अक्षरापासून. मुलांना नावातली अक्षरं इतरांपेक्षा लवकर येतात, हे जगभर दिसून आलेलं आहे. नाव जोडाक्षरानं सुरू होत असेल तर ते बाजूला ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घ्या. मग दिसायला एकमेकांपासून दूर असलेली चार-पाच अक्षरं: म, क, र, ब, न. आणि त्यांच्याबरोबर लगेच काना. सगळी मुळाक्षरं संपल्याशिवाय काना शिकवायचा नाही हा दंडक कुणी घातला कोण जाणे. काना ही सगळ्यांत सोपी खूण, एक उभी रेघ. आणि ती हाती आली की पाच अक्षरांतून मामा, काका, बाबा, नाना, नाक, कान, मान, रान इतके शब्द निघतात. पंधरवड्यात मुलाला 'आपण वाचलं' असं वाटतं. एकदा ते वाटलं की पुढच्या अक्षरांसाठी तुम्हाला मागे लागावं लागणार नाही, तीच तुमच्या मागे लागेल.

आता शिकवायची रीत. तुम्ही तक्त्यावर बोट ठेवून "हे कुठलं?" विचारता. हा तिन्हींतला शेवटचा प्रश्न आहे, पहिला नव्हे. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये आपलं पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीत तीन पायऱ्यांचा एक पाठ आहे. त्याचं मूळ सेगँ नावाच्या त्यांच्या आधीच्या एका फ्रेंच डॉक्टरांच्या कामात आहे. पहिली पायरी: दोन अक्षरं समोर ठेवून आपणच सांगायचं, "हा म. हा क." दुसरी: "मला म दे. आता क उशीखाली लपव. म आजोबांच्या डोक्यावर ठेव." इथे मुलाला नाव आठवावं लागत नाही, फक्त निवडायचं असतं. या पायरीवर जितका वेळ रेंगाळाल तितकं चांगलं, आणि खेळ इथेच होतो. तिसरी, तीही दुसरी पक्की झाल्यावरच: "हा कोण?" अडली तर "नाही, नीट बघ!" असं म्हणायचं नाही, गुपचूप दुसऱ्या पायरीवर परत यायचं. परीक्षा झाली असं तिला कळतासुद्धा कामा नये. पुठ्ठ्याचे तुकडे आणि जाड पेन एवढंच सामान लागतं. तक्ता मात्र भिंतीवरून काढून ठेवा. इतकी सगळी अक्षरं एकदम समोर आली की मूल आकाराऐवजी जागाच लक्षात ठेवतं: 'तिसऱ्या ओळीत कोपऱ्यात असतो तो'.

ध्वनीच्या बाबतीत मराठी मूल नशीबवान आहे. क चं नावही 'क' आणि काम करतानाचा आवाजही 'क'. इंग्रजीत 'एच' किंवा 'डब्ल्यू' ही नावं शब्दात उच्चारली जाणाऱ्या ध्वनीचा पत्ताच लागू देत नाहीत. या सोयीचा फायदा घ्या, अक्षर दाखवताना त्याच्यापासून सुरू होणारे शब्द तिच्याकडूनच काढून घ्या. 'ग गवताचा, घ घराचा' ठीक आहे, पण एकाच अक्षराला एकच शब्द चिकटला तर मूल चित्र वाचतं, अक्षर नाही. चित्र झाकून बघा, कळेल. एक बारीक अडचण आहे ती च आणि ज ची: 'चाक' मधला च आणि 'चंद्र' मधला च वेगळे उच्चारले जातात. दोन्ही शब्द सहज बोलण्यात येऊ द्या, मुलं हे आपोआप सावरून घेतात. दुसरी अडचण ल आणि श ची. मराठी वळणाचा दोन पाकळ्यांचा ल वहीत आणि हिंदी वळणाचा ल टॅबवर असं बऱ्याचदा होतं. श चंही तेच. मूल ओळखेना तर दोष त्याचा नाही. तूर्त घरात एकच वळण ठेवा.

म-भ आणि घ-ध कडे येते, कारण इथे तुमच्या नातीनं अगदी बरोबर जागी चूक केली आहे. म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या तिन्ही जोड्या शेजारी लिहून बघा. फरक तिन्हींकडे एकाच ठिकाणी आहे: डाव्या वरच्या कोपऱ्यात. म, घ, य यांचं डोकं शिरोरेषेनं पूर्ण झाकलेलं. भ, ध, थ यांचं डोकं डावीकडे उघडं आणि तिथे एक छोटा वळसा. म्हणजे शिरोरेषा ही इथे शोभेची नाही, अक्षराची ओळखच तिच्यावर ठरते. मुलं काय करतात, तर अक्षर काढून झालं की एका दमात वरून रेघ मारून मोकळी होतात. भ चा म आणि ध चा घ तिथेच होतो. मोठ्या माणसांच्या घाईच्या अक्षरातही तो होतोच, पण आपण संदर्भावरून वाचून नेतो.

म्हणून आधी एकटा म पक्का होऊ दे. भ चं नावही काढू नका. म कुठेही दिसला, पाटीवर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, औषधाच्या खोक्यावर, की तिनं न चुकता बोट ठेवावं. त्यानंतर काही दिवसांनी भ आणा, तोही एकटाच. दोन्ही वेगवेगळे येऊ लागले की मगच शेजारी ठेवा आणि विचारा, "या दोघांत टोपी पूर्ण कुणाची?" फरक तिनं शोधू दे, तुम्ही सांगू नका. एका जोडीत सापडला की घ-ध मध्ये ती स्वतःच शोधेल.

आता हाताकडे. इथे मी थोडी कडक होणार आहे, कारण दहा ओळींचा नेम मला अजिबात पसंत नाही. ओळी घालताना तिच्याजवळ बसा आणि तिची नजर कुठे आहे ते बघा. पहिली ओळ ती तुमच्या नमुन्याकडे बघून काढते. तिसऱ्या ओळीपासून तिचा नमुना म्हणजे तिचीच वरची ओळ. तिथे झालेली चूक पुढच्या ओळीत उतरते, त्यावर नवी चढते, आणि दहाव्या ओळीला जे निघतं ते सातत्यानं गिरवलेलं चुकीचं अक्षर असतं. म्हणजे पहिल्या दोन ओळी बऱ्या आणि पुढे बिघाड, हा तिचा आळस नाही. पद्धतच तशी आहे.

ठिपके जोडून गिरवण्याच्या छापील वह्यांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. मूल ठिपके जोडतं, अक्षर काढत नाही. कुठूनही सुरू करून कुठेही संपवलं तरी पान छान दिसतं. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना काही अक्षरं स्वतःच्या हातानं मोकळी काढायला दिली, काही गिरवायला, काही कळफलकावर दाबायला. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वाचताना कामाला लागणारे भाग ठळकपणे जागे झाले ते मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळी. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण बालवाडीत शिकवताना जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो: वाकडं का होईना, आठवून काढलेलं एक अक्षर हे गिरवलेल्या पानभर अक्षरांपेक्षा जास्त टिकतं.

तेव्हा असं करा. वही बंद. फळ्यासारखं काही उभं असेल तर तिथे, नाहीतर जमिनीवर खडू. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट योग्य रीतीनं मागे झुकतं आणि खांद्यापासून हात हलतो. या वयात बोटांपेक्षा खांदा लवकर तयार असतो. खडू अंगठ्याएवढा आखूड द्या. लांब पेन्सिल मुठीत धरता येते, आखूड तुकडा मुठीत मावतच नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. पकड सांगून सुधारत नाही, पण अशी आपोआप सुधारते. शिरोरेषेपासून अक्षर लटकतं हे आधी दाखवा. मग एक अक्षर मोठं काढून दाखवा, डावं अंग आधी, काना वरून खाली, शिरोरेषा सगळ्यांत शेवटी, आणि काढताना तोंडानं बोला: "वरून खाली... गाठ... पुढे... आता काना." मग पुसून टाका आणि तिला आठवून काढू द्या. तीनदा पुरे. छान जमलं त्याला तिनंच गोल करायचा. संपलं. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर तुम्ही ताणताय असं समजा.

खालून वर रेघ ओढण्याची सवय मात्र आत्ताच मोडायला हवी, या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. अक्षर सुंदर नंतरही करता येतं, पण हाताला लागलेली दिशा नंतर बदलणं फार जड जातं. त्यासाठी रागावू नका. जिथून सुरू करायचं तिथे रंगीत ठिपका द्या आणि काढताना बघा. काढून झालेलं अक्षर बघून दिशा कळत नाही, म्हणून शेजारी बसणं आलंच. तुमच्याजवळ वेळ आहे म्हणालात, तो खरा इथे खर्च करा. आणि ती डाव्या हातानं लिहीत असेल तर उजव्यात खडू देऊ नका. कागदाचा वरचा भाग जरा उजवीकडे कलता ठेवा, एवढं पुरतं.

हाताचा क्रम ठरवताना एक लक्षात ठेवा. मुलांना उभी-आडवी रेघ आधी जमते, साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन. तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. तिच्याकडून त्रिकोण काढून घ्या. कोपरे निघत नसतील तर पोटात तिरकी रेघ असलेले ब आणि ष लिहायला इतक्यात देऊ नका. 'बाबा' वाचू दे, लिहायचं नंतर. ग, न, त, म आणि बरोबर ठ, इतक्यावर महिनाभर काढलात तरी चालेल.

उलट्या अक्षरांची काळजी सगळेच करतात आणि ती बहुतेक वेळा नाहक असते. आजवर तिनं शिकलंय की कपाचा कान उजवीकडे असो वा डावीकडे, कप तो कपच. डोळ्याची ही फार उपयोगी सवय आहे. अक्षर ही पहिलीच वस्तू, जिचं तोंड फिरवलं की ती वेगळी होते किंवा चुकते, आणि जुनी सवय मोडायला वेळ लागतो. साधारण सातव्या वर्षापर्यंत हे अधूनमधून होत राहतं. देवनागरीत काना बहुतेक ठिकाणी उजवीकडे असल्यामुळे आपल्याला एक खूण तरी मिळते; इंग्रजीत लहान लिपीतले बी, डी, पी आणि क्यू म्हणजे एकच आकार चार दिशांनी. म्हणून इंग्रजीची घाई आत्ता नको. २६ अक्षरं म्हणतो आपण, पण लहान-मोठी धरून आकार ५२ होतात.

सूनबाईंचं अर्धं म्हणणं खरं आहे: घाई नको. बाराखडी धरली तर आपल्याकडे मुलाला ४०० च्या वर अक्षररूपं ओळखायची असतात. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात (२००७) हे शिक्षण पुढच्या इयत्तांतही बराच काळ चालू राहतं असं दिसलं. कन्नडची रचना आपल्यासारखीच आहे. पावणेपाचव्या वर्षी दहा अक्षरं नीट येत असतील तर तुमची गाडी वेळेवर आहे. टॅबबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूनं नाही. काचेवर बोट नुसतं घसरतं, हाताला काही जाणवत नाही, आणि रेघ खालून वर गेली तरी कित्येक खेळ टाळ्या वाजवतात. आवाज ऐकून अक्षर निवडायचा खेळ असेल तर चालेल, लिहायचा नको. त्यापेक्षा बारीक पॉलिशपेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. लिहायच्या दिशेनं दोन बोटं फिरवत ध्वनी म्हणायचा, ही माँटेसरींचीच युक्ती. डोळे मिटून अक्षर ओळखायचा खेळ तिला फार आवडेल असं वाटतं.

पलंगाखाली जाऊन बसण्याचं म्हणाल तर पुढचे पंधरा दिवस 'अभ्यास' हा शब्दच काढू नका. तिला चित्र काढून द्या आणि खाली नाव घालायला तिलाच सांगा. किंवा तुम्ही मुद्दाम चुकीचं अक्षर दाखवून "हा म ना?" म्हणा. आजोबांची चूक काढायला मिळाली तर ती आपणहून बाहेर येईल.

डॉक्टरांना दाखवायची वेळ वेगळी असते. टीव्हीच्या अगदी जवळ जाणं, एक डोळा झाकून किंवा मान वाकडी करून बघणं, हाक दोन-दोनदा मारावी लागणं, 'ट' आणि 'त' किंवा 'क' आणि 'ग' कानावर पडूनही वेगळे न वाटणं, घराबाहेरच्या माणसाला तिचं बोलणं न कळणं, मोठी बटणं लावतानाही हात लटपटणं. यातलं काही दिसत असेल तर डोळे आणि कान आत्ताच तपासून घ्या. घरात कुणाला लहानपणी वाचायला फार जड गेलं असेल तर तेही शाळेत सांगून ठेवा. आणि अशा खेळीमेळीच्या सरावानंतरही पहिलीचं अर्धं वर्ष उलटून गेल्यावर निम्मी अक्षरं ओळखता येत नसतील, तर शिक्षकांना भेटा आणि तज्ज्ञांकडून तपासणी मागा.